अण्णांची झोप

माझे थोरले भाऊ, अण्णा, तारखात्यात होते आणि त्यांना कुठेही झोप लागत असे. ऑफिसात यंत्रांचा कटकटाट चाललेला असतानाही ते खुर्चीत मान टाकून डुलकी काढत. आपल्या टेबलावरचं यंत्र वाजलं की जागे होत. शेजारच्या टेबलावरचं वाजलं तर नाही. घरी तर बोलायलाच नको. मल्लेश्वरमच्या आमच्या घरामागे लाकडाची वखार होती. तिथली करवत दुपारभर किंचाळत असे आणि तिच्या खालच्या पट्टीत अण्णा घोरत असत. पाहुण्यांना आम्ही सांगत असू, जाड आवाज आमचा, बारीक वखारीचा.

घरात आम्ही तिघंच. अण्णा, त्यांची बायको म्हणजे माझ्या वैनी, आणि मी. त्यांना मूल नव्हतं आणि मी लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मी अण्णांपेक्षा लहान, पण नवऱ्याची बहीण म्हणून वैनी मला अक्का म्हणत. आमची माणसं बेंगळुरात इतकी जुनी की मुळात कुठून आलो याबद्दल नातेवाइकांत दोन-तीन मतं आहेत आणि प्रत्येक मतात आम्ही कुठल्यातरी सरदाराबरोबर आलो. सरदाराचं सामान उचलायला म्हणून कुणीच आलेलं नाही.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं तेव्हा अण्णांची झोप गेली. आधी पावलांवर सूज आली, मग डोळ्यांखाली. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणून ते कॉफीला नावं ठेवू लागले, तेव्हा वैनी घाबरल्या, कारण अण्णांनी कॉफीला कधी नावं ठेवली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. हा शब्द आमच्या घरात नंतर कुणी उच्चारला नाही. आम्ही ‘पाण्याचं दुखणं’ म्हणत असू. मीठ बंद झालं, डाळ बंद झाली, आणि डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या, झोप चांगली लागली पाहिजे. तेवढीच एक गोष्ट आता होत नव्हती.

अंथरुणावर पडलं की त्यांचे पाय सुरू होत. दुखत नाही, खाजत नाही, पण पाय ठेवायला जागा सापडत नाही, असं ते सांगत. अख्खी गादी समोर असताना जागा न सापडणं आम्हाला कळत नसे. उठून चाललं की बरं वाटे, आडवं झालं की पुन्हा तेच. वैनी पाय चेपत, गार पाण्याची बादली आणून त्यात पाय बुडवून ठेवत. मग पाठीला खाज सुटे, मग उचकी लागे. दिवसा मात्र घास तोंडात असताना डोळे मिटत आणि मान खाली जाई. त्याला झोप म्हणायला ते तयार नव्हते. म्हणत, “हे म्हणजे स्टेशनवर गाडीची वाट बघत बसणं. झोप म्हणजे गाडी.”

उपाय सांगायला माणसं कमी पडत नाहीत. जायफळ घातलेलं दूध आलं, खसखशीची खीर आली, टाळूवर ब्राह्मीचं तेल आलं. मी त्यांना कंटाळवाणं काहीतरी वाचायचा सल्ला दिला आणि आमच्या समाजाच्या मंडळाचा वार्षिक अहवाल हातात दिला. बेंगळुरात याहून कंटाळवाणं वाचन मिळणं कठीण. पण अहवाल अण्णांनीच लिहिलेला होता, ते कित्येक वर्षं मंडळाचे चिटणीस होते. त्यांना त्यात चुका सापडत गेल्या आणि ते पेन्सिल मागू लागले.

शेवटी वैनींनी घरातला आवाजच बंद करायचं ठरवलं. लंबकाचं घड्याळ थांबवलं. कडी-कोयंड्याला चिंध्या बांधल्या. पाट्यावर चटणी वाटणं बंद झालं, म्हणजे अळणी जेवण होतं त्याला आता चवही राहिली नाही. फुलं विकायला येणारी बाई दारात ‘हूवा’ म्हणून ओरडायची, तिला सांगितलं, स्वल्प हळू. ती आमच्या दारापुरतं कुजबुजू लागली. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या जटकावाल्याने घोड्याच्या गळ्यातले घुंगरू काढले. वखारीच्या मालकालाही दया आली आणि दुपारची करवत थांबली. आमचं घर इतकं शांत झालं की मला शाळेत गेल्यावर मुलींचा गोंगाट ऐकून बरं वाटे. त्या शांततेत अण्णा टक्क जागे असत. पाल चुकचुकली तरी मान वळवून बघत.

आणि मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते झोपले.

आधी आमचा विश्वास बसेना. सकाळी कॉफी अर्धी टाकून ते पुढच्या खोलीत खिडकीखालच्या खाटेवर आडवे झाले आणि पाय हलले नाहीत. दुपार झाली तरी झोप मोडली नाही. वैनींनी मला हाताला धरून दारात नेलं आणि नुसतं दाखवलं, जसं पाळण्यातलं मूल दाखवतात. संध्याकाळी थोडे जागे झाले, दोन घोट पाणी घेतलं, काहीतरी पुटपुटले, पुन्हा झोपले. वैनी मारुतीला नारळ फोडून आल्या. नारळसुद्धा त्यांनी देवळात फोडला, एरवी घरच्या उंबऱ्यावर फोडत. त्या रात्री आम्ही दोघीही झोपलो, आणि आपल्याला किती झोप येत होती ते मला तेव्हा कळलं.

दसऱ्याला आमच्याकडे संध्याकाळी माणसं येतात. आपट्याऐवजी बन्नीची पानं सोनं म्हणून देतात आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. चिटणीस म्हणून अण्णांकडे जरा जास्तच येत. पण झोपलेल्या माणसाच्या पाया पडायचं नाही. आडव्या माणसाच्या पाया पडायची वेळ एकच, आणि ती कुणाच्या घरी न येवो. ही गोष्ट आमच्यात लहान मुलालाही माहीत असते. तेव्हा जो आला तो पानं हातात घेऊन पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसला. कुणी ओसरीवर बसलं. चपला हळू काढल्या, हळू बोलले, आणि प्रत्येकाने वैनींना विचारलं, झोपले का खरंच? वैनी मान हलवत आणि त्यांचे डोळे भरून येत. त्या सगळ्यांना कुजबुजून सांगत होत्या, कालपासून झोपलेत हो. लोक कुजबुजून म्हणत होते, आता सुटले, झोप लागली म्हणजे अर्धं दुखणं गेलं. असा आनंदी दसरा आमच्या घरी कित्येक वर्षांत झाला नव्हता. उठतील तेव्हा पाया पडून जाऊ म्हणून सगळे थांबले होते.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष आले.

अध्यक्षांचं चिकपेटेत साड्यांचं मोठं दुकान होतं, दारात मोटार होती आणि डोक्यावर दरबारी जरीचा फेटा. तो दरबार संपून बरीच वर्षं झाली होती. फेट्याला ते कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी अण्णांच्या सेवेबद्दल शाल, श्रीफळ आणि मानपत्र आणलं होतं. अण्णांनी आयुष्यभर मंडळाच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि अध्यक्ष त्यांतल्या मधल्या खुर्चीवर बसत आले होते, त्यामुळे ऋण मोठं होतं.

झोपलेत म्हटल्यावर अध्यक्षांची पंचाईत झाली. त्यांना अजून पुष्कळ घरं घ्यायची होती. शाल पांघरून निघावं असं त्यांनी सुचवलं, तेव्हा भिंतीशी बसलेली आमची म्हातारी आत्या म्हणाली, “निजलेल्या माणसाला शाल-हार घालतात होय रे? कुणी शिकवलं तुला?” अध्यक्षांना घरात ‘अरे’ म्हणणारी ती एकटीच उरली होती. शाल मांडीवर ठेवून ते थोडा वेळ बसले. मग म्हणाले, निदान मानपत्र तरी वाचतो, हळूच. त्याला आत्याचीही हरकत नव्हती.

अध्यक्ष हळू सुरू झाले, यात शंका नाही. पण त्यांना हळू आवाजाची सवय नव्हती, आणि मानपत्राची भाषाही हळू वाचायची नव्हती. आम्ही घरात ‘अण्णा, स्वल्प जागा दे की’ अशी मराठी बोलणारी माणसं. मानपत्रात अण्णा ‘कर्तव्यपथावरील अविश्रांत यात्री’ होते. पहिला परिच्छेद संपेपर्यंत आवाज खोलीभर झाला. दुसऱ्यात तो ओसरीवर गेला. लोक अस्वस्थ झाले, दोघातिघांनी ओठावर बोट ठेवून खुणा केल्या. सगळे खाटेकडे बघत होते, आता अण्णा दचकून उठणार म्हणून. अध्यक्षांनी ‘धगधगते यज्ञकुंड’ असं काहीतरी म्हटलं तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या, निदान मला तसं वाटलं.

अण्णा उठले नाहीत.

वैनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली. आधी त्या अध्यक्षांकडे रागाने बघत होत्या. मग अण्णांकडे बघू लागल्या. त्यांचा चेहरा बदलत गेला तो मी पाहिला. महिनोन् महिने जो माणूस पालीच्या आवाजाने मान वळवत होता, तो या आवाजाला पापणीही हलवत नव्हता. त्या तशाच खोली ओलांडून गेल्या, बसलेल्यांच्या मधून, आणि सगळ्यांसमोर त्यांनी अण्णांचं पाऊल कणकेच्या हाताने धरलं आणि हलवलं.

“अहो,” त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, “अहो, उठा.”

अण्णांचे डोळे अर्धवट उघडले, पण आमच्याकडे बघत नव्हते. बोटं मधूनच झटका देत होती. मी वाकले तेव्हा श्वासाला उग्र वास आला, गोठ्यासारखा. मागे अध्यक्ष मानपत्र हातात धरून उभे होते, वाक्य अर्धवट राहिलं होतं. एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे: त्यांनी ते वाक्य पूर्ण केलं नाही. मोटार पुढे आणायला सांगितली. अण्णांना उचलायला खाली शालच घातली आणि चौघांनी चार टोकं धरून त्यांना मोटारीत नेलं. ते मानपत्र अध्यक्षांच्या साऱ्या भाषणांत एकमेव असं होतं की ज्याने कुणाचं भलं झालं, आणि तेही कुणी झोपेतून उठला नाही म्हणून.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होते, परदेशात शिकून आलेले. त्यांनी सांगितलं, ही झोप नव्हे, गुंगी आहे. रक्तातलं विष डोक्यात चढलं आहे. त्या काळी मशीनवर रक्त धुणं आम्ही नुसतं ऐकलं होतं. इथे पोट धुणार होते. बेंबीच्या खाली छोटं भोक पाडून नळी घातली. वर लोखंडी दांड्याला काचेच्या बाटल्या टांगल्या. त्यातलं कोमट पाणी पोटात सोडायचं, काही वेळ तिथे राहू द्यायचं, मग त्याच बाटल्या जमिनीवर ठेवायच्या म्हणजे पाणी रक्तातली घाण घेऊन परत उतरतं. पुन्हा नव्या बाटल्या. असं दोन दिवस आणि त्यांतल्या रात्री. नर्स बाटल्या बदलताना काचेवर काच वाजायची. बाटल्या गरम पाण्याच्या बादलीत बुडवून कोमट करत, ती बादली फरशीवर खरखरत ओढत आणायच्या. गप्प बसा असं कुणी कुणाला म्हणत नव्हतं. घरातल्या त्या चिंध्या बांधलेल्या कडीपेक्षा मला ते आवाज बरे वाटले.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी डोळे उघडून वैनींकडे बघितलं. खरोखर बघितलं.

“गेले का ते?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“यज्ञकुंडवाले.”

वैनी हसू लागल्या आणि त्यांना थांबता येईना. नर्सने येऊन त्यांना बाहेर नेलं. मी खाटेजवळ राहिले. अण्णा बराच वेळ बाटलीकडे बघत होते. मग म्हणाले, तेव्हा त्यांना सगळं ऐकू येत होतं. सगळं नाही, पण तुकडे तुकडे. आम्ही कुजबुजतोय, आम्हाला आनंद झालाय, कुणीतरी ‘सुटले’ म्हणतंय. विहिरीच्या तळाशी असल्यासारखं, आणि वर येता येत नव्हतं.

“तुम्ही सगळी किती हळू बोलत होता,” ते म्हणाले. “कुणीतरी एखादं भांडं तरी पाडायचं.”

हे वाक्य त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. मी वैनींना ते सांगितलं नाही. पण अण्णांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं.

घरी आल्यावर वैनींनी पहिल्यांदा घड्याळ चालू केलं. चिंध्या सोडल्या. वखारवाल्याला जाऊन सांगितलं, करवत चालवा. दसऱ्याला पाया न पडता परत गेलेली माणसं पुन्हा आली, तेव्हा अण्णा खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, “उरकून घ्या. जागा आहे तोवर.” पानं सुकून गेली होती, ती घेतली. अध्यक्षही आले. ते मात्र काहीही न वाचता गेले.

पोट धुतल्यावर पहिले काही दिवस अण्णांना खरी झोप लागायची. घोरणं परत यायचं. पाय ठेवायला जागा सापडायची. मग हळूहळू चव बिघडायची, खाज यायची, पाय सुरू व्हायचे, आणि काही आठवड्यांनी पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा बाटल्या. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हे असं किती वेळा जमेल याची खात्री नाही. आणि आणखी एक सांगितलं होतं: झोप आणि गुंगी यांत फरक करायला शिका. कसा करायचा, तर उठवून बघायचं. उठला तर झोप.

त्यामुळे आता वैनी त्यांना झोपूच देईनात. ज्या चांगल्या रात्री बाटल्यांनी मिळवून दिल्या होत्या, त्यांतच त्या पुन्हा पुन्हा उठवत. अण्णा वैतागत. झोपेसाठी पोटाला भोक पाडून घेतलं आणि झोप मात्र दारातून परत, असं म्हणत. वैनी ऐकून घेत आणि थोड्या वेळाने पुन्हा हाक मारत. शेवटी दोघांत तडजोड झाली. वैनी एकदाच ‘अहो’ म्हणणार. अण्णा डोळे न उघडता ‘सरी’ म्हणणार. सरी म्हणजे ठीक. तो शब्द आमच्या घरात इतका जुना की तो कानडी आहे हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

माझी खोली एका भिंतीपलीकडे. रात्रभर ते ऐकू यायचं. अहो. सरी. मग घोरणं. मग बऱ्याच वेळाने पुन्हा, अहो. सरी. तारखात्यातला माणूस, त्याला पोच द्यायची सवय होती. तो ‘सरी’ इतका सहज येऊ लागला की मला वाटे, जागे न होताच म्हणतात. मग त्याने काय सिद्ध होतं? हा प्रश्न मी वैनींना विचारला नाही. हाक आणि उत्तर यांच्यामध्ये एक जागा असायची, श्वासाएवढी. भिंतीच्या अलीकडे मीही त्या जागेत थांबलेली असायची. शाळेत मुली पुस्तक वाचून दाखवत तेव्हाही, एखादी अडखळून गप्प झाली की माझ्या छातीत तीच जागा उघडायची.

पुढच्या पावसाळ्याआधी पोटात पू झाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता नळी घालता येणार नाही. त्यांनी ते सरळ सांगितलं, मोठे शब्द न वापरता, म्हणून मला ते डॉक्टर आवडले. घरी न्या म्हणाले. आता त्यांना झोप येऊ लागेल.

अण्णांना ते कळलेलं होतं. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते, वैनी कॉफी गार करत होत्या. करवत चालू होती.

“ऐक,” अण्णा म्हणाले. “आता हाक मारू नको.”

वैनींनी वाटी-भांडं खाली ठेवलं.

“मी सरी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “मग तू पुन्हा मारशील. मग अक्का येईल. मग सगळी गल्ली येईल. मला नीट झोपू दे.”

“आणि तुम्हाला वर यायचं असेल तर?”

अण्णांनी विचार केला. “नाही यायचं,” ते म्हणाले.

वैनींनी कॉफी आणखी एकदा ओतून गार केली. मग कॉफीचं भांडं उचलून त्यांच्या ओठांना लावलं आणि म्हणाल्या, “सरी.”

त्यांनी शब्द पाळला. अण्णा झोपत गेले तसा त्यांच्या पावलावर हात ठेवून त्या बसून राहिल्या, आणि हाक मारली नाही. मी पाहत होते: तोंड उघडायचं आणि मिटायचं. घर हळू बोललं नाही. भांडी वाजत होती, फुलवाली पूर्वीसारखी ओरडून गेली, आत्या येऊन मोठ्याने रडली, तिला कुणी गप्प केलं नाही. अण्णा त्या सगळ्या आवाजातून गेले. नंतर अध्यक्ष आले. शाल त्यांनी स्वतःच आणली होती, आणि या वेळी आत्याची हरकत नव्हती. दसऱ्याला थांबून राहिलेली माणसं ओळीने आली आणि आडव्या अण्णांच्या पाया पडून गेली.

त्यानंतर आम्ही दोघीच राहिलो. वैनी दिवसा ठीक असत. चटणी वाटत, देवळात जात, वखारवाल्याशी भांडत. मला मात्र शांत घरात झोप लागेना. आणि मग मला ते ऐकू आलं. भिंतीपलीकडे वैनी गाढ झोपेत होत्या, आणि झोपेतच म्हणाल्या, “अहो.”

मग थांबल्या. उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबल्या. खाट करकरली, श्वास भरभर होऊ लागला, आणि पुन्हा, जरा मोठ्याने, “अहो.” त्या उठून बसल्या. नंतर उजाडेपर्यंत त्या बसूनच असल्याचं मला कळत होतं. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. सकाळी त्यांना काही आठवत नसे, फक्त म्हणत, हल्ली झोप पुरत नाही, अक्का.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. तरी एका रात्री हाक आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं, आवाज जमेल तितका जाड केला, आणि म्हटलं, “सरी.”

पलीकडे काही हललं नाही. श्वास संथ झाला. थोड्या वेळाने वैनी बारीक घोरू लागल्या.

पुढे किती वर्षं मी ते करत राहिले. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. एकदा मला ताप होता आणि मी वैद्याचं औषध घेऊन गाढ झोपले होते. सकाळी वैनी कॉफी घेऊन आल्या, माझ्या कपाळाला हात लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “काल फार गाढ झोप लागली होती वाटतं तुम्हाला.”

मी हो म्हटलं. त्यांचे डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते.